बाकावरून उठलेला न्यायाधीश

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४१ साली आपला पहिला कायदेसंग्रह केला. त्यात देहदंडाचे बारा गुन्हे होते आणि बहुतेक कलमांना बायबलमधल्या वचनांचे आधार जोडलेले होते. चेटूक दुसऱ्या क्रमांकावर. त्याला तीन आधार: निर्गम २२:१८, लेवीय २०:२७, अनुवाद १८:१०. कायदा करणाऱ्यांना यात काही वावगं वाटलं नाही. इंग्लंडातलं चर्च पुरेसं शुद्ध होत नाही म्हणून घरदार सोडून समुद्र ओलांडलेली ही प्युरिटन मंडळी. देवाच्या वचनावर गाव वसवायचं, तर फाशीचा खांबही वचनावरच रोवायचा, हे त्यांच्या लेखी ओघानेच आलं.

हेच वचन घरोघरी आणखी एका कामाला लागत असे. कुटुंबाला एकत्र बसवून बायबलचे अध्याय क्रमाने वाचायचे, रविवारचं प्रवचन टिपून घ्यायचं आणि रात्री मेणबत्तीच्या उजेडात रोजनिशी उघडून स्वतःची झडती घ्यायची. आज काय घडलं, त्यातून देवाने काय सुनावलं, आपलं कुठे चुकलं. घरात आजारपण किंवा मृत्यू आला, की एक चिठ्ठी लिहून पाळकाच्या हाती द्यायची. तो ती भर सभेत वाचायचा आणि सगळी मंडळी त्या घरासाठी प्रार्थना करायची. अवर्षण, देवीची साथ, लढाईतला पराभव अशी संकटं आली की सरकारच उपासाचा दिवस जाहीर करी. कामधंदा बंद, पोटात काही नाही आणि दिवसभर प्रवचन. न्याय आणि नीतिमत्त्व हे पंडितांनी चर्चा करायचे विषय नव्हते, तो घरातला रोजचा हिशेब होता.

या रिवाजाचा सगळ्यात बोलका दस्तऐवज म्हणजे बॉस्टनच्या सॅम्युएल सूअलची रोजनिशी. सूअलचा जन्म १६५२चा, इंग्लंडातला. नऊ वर्षांचा असताना तो मॅसॅच्युसेट्सला आला, १६७१ साली हार्वर्डमधून पदवीधर झाला आणि वसाहतीची टांकसाळ चालवणाऱ्या जॉन हलच्या मुलीशी, हॅनाशी, त्याचं लग्न झालं. सासऱ्याच्या पैशामुळे आणि स्वतःच्या हुशारीमुळे तो व्यापारी, कौन्सिलचा सभासद आणि पुढे न्यायाधीश झाला. १६७४ पासून १७२९ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, तो लिहीत राहिला. बोटींची ये-जा, कोण जेवायला आलं, कुणाच्या अंत्ययात्रेत हातमोजे मिळाले, थंडी किती पडली, आणि या सगळ्यात देवाचा रोख कुणीकडे होता, हे सारं त्यात आहे.

त्यातली २९ एप्रिल १६९५ची नोंद पाहावी. सूअलने घर वाढवून नवं स्वयंपाकघर बांधलं होतं आणि वसाहतीतला नामांकित पाळक कॉटन मेदर जेवायला आला होता. वीज पडते ती इतरांपेक्षा पाळकांच्याच घरांवर जास्त, यात देवाचा हेतू काय असावा, असा विषय मेदर काढतो न काढतो तोच गारांचा मारा सुरू झाला. पिस्तुलाच्या आणि बंदुकीच्या गोळ्यांएवढ्या गारा. नव्या घराच्या दर्शनी खिडक्यांची सुमारे ४८० तावदानं फुटली. वाचणाऱ्याला हसू येतं. सूअलला आलं नाही. दोघांनी तिथेच प्रार्थना केली.

मुलांची गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. जानेवारी १६९० मध्ये नात्यातला एक नऊ वर्षांचा मुलगा देवीने दगावला. सूअलने आपल्या अकरा वर्षांच्या सॅमला ते सांगितलं आणि मरणाची तयारी ठेवायला हवी, असंही बजावलं. सॅम सफरचंद खात होता, तो खातच राहिला. नंतर प्रभूची प्रार्थना म्हणायची वेळ आली तेव्हा त्याला एकदम रडू फुटलं. आपण मरू, अशी भीती त्याला वाटत होती. बापाने त्याला जवळ घेऊन मरणाचं भय घालवणारी वचनं वाचून दाखवली.

सहा वर्षांनी पाळी त्याच्या मुलीची, बेटीची, आली. वय चौदा. जेवणानंतर ती हमसून हमसून रडायला लागली, घरातली बाकीची पोरंही तिच्याबरोबर रडू लागली. आईने खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की आपली पापं माफ झालेली नाहीत, आपण नरकात जाणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं. बापाने वाचून दाखवलेल्या एका जुन्या प्रवचनाने तिला घेरलं होतं. योहानाच्या सातव्या आणि आठव्या अध्यायातली, शोधूनही प्रभू सापडणार नाही आणि पापातच मरण येईल अशी ताकीद देणारी वचनं तिच्या डोक्यात फिरत होती. पुढे महिनाभराने भल्या पहाटे ती बापाच्या खोलीत आली आणि तेच पुन्हा सांगून रडली. मायकेल विगल्सवर्थची ‘डे ऑफ डूम’ ही न्यायाच्या दिवसावरची दीर्घ कविता १६६२ पासून त्या भागात घरोघरी वाचली जात होती आणि मुलांकडून पाठ करून घेतली जात होती. अशा वातावरणात वाढलेल्या मुलींना अंधारात सैतान दिसू लागला तर त्यात नवल कसलं?

१६९२ साली सेलम गावात तो दिसू लागला. काही मुलींना झटके येऊ लागले आणि त्या शेजारणींची नावं घेऊ लागल्या. नवा गव्हर्नर विल्यम फिप्स मे महिन्यात आला, तोवर तुरुंग भरले होते. त्याने खास न्यायालय नेमलं. विल्यम स्टॉटन मुख्य न्यायाधीश, आणि नेमलेल्या नऊ जणांत एक सूअल. आरोपीची छाया येऊन आपल्याला चिमटे काढते, गळा दाबते, असं पीडित मुलींनी सांगितलं की तो पुरावा ठरे. छाया फक्त त्या मुलींनाच दिसायची. १० जूनला ब्रिजेट बिशपला फाशी झाली. त्यानंतर नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल नावाच्या न्यायाधीशाने अंग काढून घेतलं. बाकीचे बसून राहिले. सूअलही.

त्या उन्हाळ्यात एरवी बारीकसारीक लिहिणारी ही रोजनिशी जवळजवळ मुकी आहे. ज्या थोड्या नोंदी आहेत, त्या मात्र वाचताना अंगावर येतात. १९ जुलैला सेलममध्ये पाच बायकांना फाशी झाली, त्यांत सत्तरी ओलांडलेली रिबेका नर्स होती. दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, सूअल बॉस्टनमध्ये कॅप्टन जॉन ऑल्डनच्या घरी उपास-प्रार्थनेला बसला होता. ऑल्डन त्याच्या ओळखीचा, त्याच्याच मंडळीतला. त्याच्यावरही चेटकाचाच आरोप होता आणि तो तुरुंगात होता. न्यायाधीशाने आरोपीच्या घरी बसून प्रवचन वाचलं, इतरांनी प्रार्थना केल्या, स्तोत्र गाइलं. प्रार्थना चालू असताना बऱ्याच दिवसांच्या अवर्षणानंतर पावसाची छान सर आली, हेही त्याने आनंदाने टिपून ठेवलं आहे. ओळखीच्या माणसासाठी उपास आणि अनोळखी म्हातारीला फास. या दोन्हींची सांगड त्याच्या मनात कशी बसत होती, ते रोजनिशी सांगत नाही. बहुधा बसवावी लागतच नव्हती.

एक महिन्याने, १९ ऑगस्टला, आणखी पाच जण फासावर गेले. त्यांत जॉर्ज बरोज हा पाळक होता. तो हार्वर्डमध्ये सूअलच्या एक वर्ष पुढे होता. चेटक्याला प्रभूची प्रार्थना न अडखळता म्हणता येत नाही, असा समज होता. बरोजने फासाखाली उभं राहून ती अचूक म्हटली. गर्दी हेलावली. घोड्यावर बसलेल्या कॉटन मेदरने लोकांना शांत केलं. या सगळ्यांना झालेली शिक्षा नीतीला धरूनच होती, हा मेदरचा निर्वाळा सूअलने रोजनिशीत लिहून घेतला आणि बरोजच्या बोलण्याने जे द्रवले त्यांना अविचारी ठरवलं. समासात एक हळहळीचा उद्गार आहे. पण तो चेटकाबद्दल आहे, फाशीबद्दल नाही.

सप्टेंबर अखेरपर्यंत १९ जण फासावर गेले होते. ऐंशीच्या घरातला जाइल्स कोरी खटल्याला उभं राहायलाच तयार नव्हता, म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत जाऊन त्याला चिरडून मारलं. तुरुंगात निदान पाच जण मेले. ऑक्टोबरमध्ये कॉटनचा बाप इन्क्रीज मेदर याने छायेच्या पुराव्याविरुद्ध लिहिलं, गव्हर्नरच्या बायकोपर्यंत संशयाची कुजबुज पोचली होती, आणि फिप्सने ते न्यायालय गुंडाळलं.

पुढची चार वर्षं सूअल बढतीवर होता. नव्या वरिष्ठ न्यायालयात त्याला जागा मिळाली. लोकांत मात्र कुजबुज थांबेना. पिकं बुडत होती, फ्रेंचांशी लढाई चालू होती, आणि हे भोग कशाचे, हा प्रश्न प्युरिटन मन विचारणारच. मे १६९६ मध्ये हॅनाला मृत बाळ झालं. डिसेंबरमध्ये दोन वर्षांची मुलगी सेरा अंथरुणाला खिळली आणि २३ तारखेला गेली. दुसऱ्या दिवशी, घरात मूल निपचित पडलेलं असताना, नेहमीचं वाचन चुकलं नाही. अठरा वर्षांच्या सॅमने लॅटिनमधून मत्तयाचा बारावा अध्याय म्हणून दाखवला, सहाव्या वचनापासून बाराव्यापर्यंत. शब्बाथाच्या दिवशी भुकेल्या शिष्यांनी शेतातली कणसं मोडून खाल्ली आणि परूशी दोष द्यायला धावले, तो प्रसंग. सातव्या वचनात येशू होशेय संदेष्ट्याचा दाखला देतो आणि दयेचं मोल न कळल्यामुळे निरपराधांना दोषी ठरवलं गेलं, असं परूशांना सुनावतो. ते ऐकताना सूअलला सेलम आठवलं. ही नोंद एका वाक्याची आहे, पण तिच्यातल्या एकेका शब्दात धास्ती आहे.

२५ डिसेंबरला सेराला पुरलं. प्युरिटन नाताळ पाळत नसत, त्यामुळे तो कामाचाच दिवस. दुपारी सूअल एकटाच घराण्याच्या कबरीत उतरला. कबर कोरडी होती. सासरा, सासू, एक नातलग आणि आपली सहा मुलं यांच्या शवपेट्या कशा रचल्या आहेत, ते त्याने नीट पाहून घेतलं. मृत जन्मलेल्या बाळाची पेटी उचलून भावंडांच्या पेट्यांवर ठेवलेली, एकावर एक तीन अशा दोन उतरंडी, सासूची पेटी खालच्या बाकावर. छोट्या सेराला आजीच्या पायाशी ठेवायला त्याने सांगितलं. यापुढे इथे कुणाला आणलं जाईल ते प्रभूच जाणे, असं म्हणून तो वर आला. हा अनुभव भयंकर होता आणि तरीही गोड वाटला, अशी त्याची कबुली आहे.

तोवर सरकारने १४ जानेवारी १६९७ हा उपासाचा दिवस ठरवला होता. त्याच्या जाहीरनाम्याचा कॉटन मेदरने केलेला मसुदा बाजूला पडला आणि सूअलने लिहिलेला स्वीकारला गेला. सेलमच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी झालेल्या चुकांची देवाने क्षमा करावी, असं त्यात सावधपणे घातलेलं होतं. सरकारी भाषा ती. चूक कुणाची, याचा पत्ता नाही.

त्या दिवशी दुपारी बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये पाळक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असताना सूअलने त्याच्या हातात चिठ्ठी दिली. खटल्यांबद्दल शंका घेणाऱ्या मोजक्या पाळकांत विलर्ड होता. चिठ्ठी वाचायला सुरुवात होताच सूअल आपल्या जागेवर उभा राहिला, वाचून होईपर्यंत उभा राहिला आणि शेवटी मान लववून बसला. आपल्यावर आणि आपल्या घरावर देवाचे वारंवार घाव पडत आहेत, सेलमच्या न्यायालयातल्या कामाचा दोष आपल्याकडे इतरांपेक्षा अधिक येतो, त्याचा ठपका आणि लाज आपण पत्करतो, माणसांची क्षमा मागतो आणि देवाने या पापाची शिक्षा आपल्या घराला किंवा देशाला देऊ नये, असा त्या चिठ्ठीचा आशय होता.

या चिठ्ठीचं फार कौतुक झालं आहे. मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभागृहात आल्बर्ट हर्टरने १९४२ साली रंगवलेलं या प्रसंगाचं भित्तिचित्र आहे. पण चिठ्ठी बारकाईने वाचली तर दोन गोष्टी खटकतात. फाशी गेलेल्या एकाचंही नाव तिच्यात नाही. आणि तिची सुरुवात स्वतःच्या घरातल्या मृत्यूंनी होते. म्हणजे सूअलला जाग आली ती रिबेका नर्सच्या मरणाने नाही, सेराच्या मरणाने आली. तरीही सरकारी मसुद्यात जे नव्हतं ते तिच्यात होतं: चूक कुणाची, याचं उत्तर. सेलमच्या नऊ न्यायाधीशांपैकी भर सभेत असं उत्तर देणारा तो एकटाच. त्याच सुमारास खटल्यांतल्या बारा पंचांनी माफीनाम्यावर सह्या केल्या. तक्रार करणाऱ्या मुलींपैकी अ‍ॅन पुटनम १७०६ साली आपल्या मंडळीपुढे उभी राहिली. मुख्य न्यायाधीश स्टॉटन १७०१ साली मेला, तोपर्यंत त्याने अवाक्षर काढलं नाही.

एवढ्यावर सूअलची गोष्ट संपली असती तर तिला भाबडी म्हणता आलं असतं. पण जून १७०० मध्ये इफिसकरांस पत्रावरचं एक भाष्य वाचताना गुलामांचा विषय निघाला आणि आपण याबद्दल इतके दिवस काहीच केलं नाही, याची त्याला टोचणी लागली. तो या विचारात असतानाच अन्यायाने गुलामीत डांबलेल्या एका काळ्या जोडप्याच्या सुटकेचा अर्ज घेऊन एक गृहस्थ दारात आला. काही दिवसांत ‘द सेलिंग ऑफ जोसेफ’ हे त्याचं छोटं चोपडं छापून निघालं. भावांनी योसेफाला विकल्याच्या उत्पत्तीतल्या कथेवर ते रचलेलं होतं. गुलामीविरुद्ध न्यू इंग्लंडात छापलेलं ते पहिलं लिखाण. जॉन सॅफिन या व्यापारी न्यायाधीशाने बायबलचेच दाखले देत त्याला उत्तर दिलं. सॅफिनने आपला आडम नावाचा गुलाम ठरलेली मुदत संपल्यावरही सोडला नव्हता. १७०३ साली आडम सुटला. सूअलच्या लिखाणातही काळ्या माणसांबद्दलचे त्या काळचे पूर्वग्रह आहेतच. वाचन तेच, पुस्तक तेच. फरक इतकाच, की या वेळी दाखला आरोपीच्या गळ्याला लावायला काढलेला नव्हता.

फेब्रुवारी १७०८ मध्ये न्यायालयात एका जागेवर नेमणूक व्हायची होती. त्याच्या दोन दिवस आधी सूअलने माडीवरच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या आणि एकट्याने उपास धरला. चांगला न्यायाधीश मिळावा, ही त्याच्या मागण्यांतली एक. सेलमसाठी तो दर वर्षी एक दिवस उपास करी, असंही सांगतात. हा माणूस काही रात्रंदिवस सुतकी चेहऱ्याने वावरत नव्हता, हेही सांगायला हवं. १७२० साली, वयाच्या ६८व्या वर्षी, त्याने कॅथरिन विन्थ्रॉप या विधवेला मागणी घातली, साखरेत घोळवलेले बदाम नेऊन दिले आणि बदामाचा भाव रोजनिशीत लिहून ठेवला. बाईंना बग्गी हवी होती आणि नवऱ्याच्या डोक्यावर टोप. सूअलला टोपाची चीड. ते लग्न जमलं नाही. १ जानेवारी १७३० रोजी तो वारला.

सेलमचा आणि मराठी मुलखाचा एक धागा आहे, तो सहसा कुणी सांगत नाही. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना हाकलायला बसलं होतं, पण ते टिकले. त्यांच्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८३१ साली ते अहमदनगरला पोचलं, १८४२ साली त्याने ‘ज्ञानोदय’ काढला आणि पुढे नारायण वामन टिळकांनी याच मिशनबरोबर काम केलं. कुटुंबाची उपासना, क्रमाने वाचन, वचनाचं मनन, उपास-प्रार्थनेचे दिवस हा न्यू इंग्लंडचा घरगुती शिरस्ता या वाटेने मराठी ख्रिस्ती घरांत आला. सेलमच्या फाशीचा डोंगर त्याच्याबरोबर आला नाही, हे नशीब.

सेलमच्या खटल्यांचा हिशेब मात्र तिकडे अजून पुरा व्हायचा होता. माफी मागणं वेगळं आणि निकाल फिरवणं वेगळं. वसाहतीने १७११ साली बावीस जणांवरचे डाग पुसले आणि ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली. काही नावं तेव्हा राहून गेली. १९५७ साली एक ठराव झाला, त्यात एकच नाव स्पष्ट होतं. २००१ साली आणखी पाच नावं घातली. तरी एक उरलंच. एलिझाबेथ जॉन्सन ही बावीस वर्षांची मुलगी जानेवारी १६९३ मध्ये दोषी ठरली होती. म्हणजे खास न्यायालय बंद झाल्यानंतर, त्या वरिष्ठ न्यायालयात, ज्याच्या पाच न्यायाधीशांत सूअल होता. गव्हर्नरने फाशी रोखल्यामुळे ती वाचली, पण शिक्षा कागदावर राहिली. १७१२ साली तिने स्वतः अर्ज केला, त्याचं काही झालं नाही. अखेर नॉर्थ अँडोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने पाठपुरावा केला, आणि जुलै २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिचं नाव निर्दोषांच्या यादीत घातलं.